काटेकोर वेडेपणा

झाडावर एक डोमकावळा पाटी-पेन्सिल घेऊन हिशोब करत बसला आहे. खाली उभ्या असलेल्या मुलाला तो विचारतो, सात दुणे किती. मुलगा चौदा म्हणतो आणि कावळा त्याला नापास करतो. थोड्या वेळाने कावळा स्वतःच पाटीवर चौदा लिहितो. मुलगा जाब विचारतो, तेव्हा त्याला कळतं, की त्याने उत्तर दिलं त्या क्षणी चौदा पुरते झालेच नव्हते. तेव्हा तेरा रुपये चौदा आणे तीन पै झाले होते. कावळ्याने नेमकी वेळ साधून चौदा लिहून टाकले म्हणून बरं, नाहीतर एव्हाना त्यांचे चौदा रुपये एक आणा नऊ पै होऊन बसले असते. सात दुणे कधीही चौदाच, हे मुलाचं म्हणणं कावळ्याला अडाणीपणाचं वाटतं. वेळेला किंमत नसलेल्या देशातून हा मुलगा आला असावा, असं त्याचं मत होतं.

सुकुमार राय यांच्या 'हयवरल' या गोष्टीतला हा प्रसंग. १९२२ साली ती 'संदेश' या बंगाली मुलांच्या मासिकात क्रमशः आली. प्रसंग वाचून हसू येतं आणि आपण पुढे जातो. पण आणे-पैचा हिशोब ज्यांच्या घरात अजून कुणाला तोंडपाठ असेल, त्यांनी तो करून बघावा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. तेरा रुपये चौदा आणे तीन पैमध्ये एक आणा नऊ पै मिळवले की बरोबर चौदा रुपये होतात. कावळ्याचा दुसरा आकडा चौदाच्या पुढे आहे तोही नेमका एक आणा नऊ पैने. चौदाच्या अलीकडे जेवढं अंतर, तेवढंच पलीकडे. गोष्ट वाचणाऱ्या मुलाने हा ताळा करून पाहावा अशी काही अपेक्षा नाही, आणि आकडे कसेही टाकले असते तरी विनोद झालाच असता. लेखकाने तरीही पैपर्यंत हिशोब चोख ठेवला आहे.

सुकुमार राय यांच्याविषयी मला जे सांगायचं आहे ते सगळं या एक आणा नऊ पैमध्ये आहे. भारतीय भाषांमधलं मुलांसाठीचं सर्वांत मोकाट, सर्वांत वेडं लेखन ज्या माणसाने केलं, तो भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेला, छपाईच्या तंत्रात इंग्लंडमध्ये तयार झालेला, अत्यंत काटेकोर माणूस होता. आपली ही सगळी विद्या, सगळी साधनं आणि शेवटी उरलेलं आयुष्य त्याने एका मुलांच्या मासिकात ओतलं. मुलांसाठी लिहिणं हा त्याच्या आयुष्याचा जोडधंदा नव्हता.

मराठी वाचकाला सत्यजित राय माहीत आहेत. 'पथेर पांचाली' माहीत आहे, अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे त्यांच्या कथांमधला फेलूदाही माहीत आहे. सत्यजित यांच्या वडिलांचं नाव मात्र आपल्याकडे फारसं निघत नाही. बंगालात उलटं आहे. तिथे सिनेमा कळण्याच्या कितीतरी आधी, अक्षरओळखीच्याही आधी, मूल सुकुमार राय यांच्या कविता ऐकतं आणि मोठेपणी कचेरीत, कोर्टात, राजकारणात त्याच कवितांमधली माणसं त्याला भेटत राहतात.

सुकुमार यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ चा, कलकत्त्यातला, ब्राह्मो कुटुंबातला. वडील उपेंद्रकिशोर राय चौधुरी मूळचे मैमनसिंह जिल्ह्यातले. चित्रकार, व्हायोलिनवादक, मुलांचे लेखक आणि तंत्रज्ञ. आईचे वडील द्वारकानाथ गांगुली हे स्त्रीशिक्षणासाठी झगडलेले सुधारक. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच वर्षी कलकत्त्यात वैद्यकीची पात्रता मिळवलेल्या कादंबिनी गांगुली या द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी. म्हणजे सुकुमारची सावत्र आजी रोज दवाखान्यात जाणारी डॉक्टर होती. १८८७ साली जन्मलेल्या किती भारतीय मुलांना अशी आजी लाभली असेल! आजोबा, वडील, आजी, बहिणी सुखलता आणि पुण्यलता (दोघीही पुढे लेखिका झाल्या), असं हे घर. या घरात मुलांशी बोलणं हे मोठ्या माणसांच्या बरोबरीचं काम मानलं जात होतं.

उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण लिहिलं. त्यातली चित्रं लाकडी ठशांवरून छापताना इतकी बिघडली, की त्यांनी छपाईचं तंत्रच हातात घ्यायचं ठरवलं. १८९५ साली इंग्लंडहून सामग्री मागवून त्यांनी हाफटोन ब्लॉक करायला सुरुवात केली. हाफटोन म्हणजे काय, ते इथे थोडं सांगायला हवं, कारण सुकुमार याच वातावरणात वाढले. छपाईत शाई एकतर कागदाला लागते किंवा लागत नाही. निम्मी लागणं हा प्रकार नाही. मग फोटोतला करडा रंग छापायचा कसा? त्यासाठी कॅमेऱ्यात फोटोच्या काचेपुढे उभ्या-आडव्या बारीक रेघांची जाळी बसवतात. चित्राचे ठिपके पडतात, गडद भागात मोठे आणि उजळ भागात बारीक, आणि लांबून पाहणाऱ्या डोळ्याला ते ठिपके करड्या छटा वाटतात. जाळी काचेपासून किती अंतरावर ठेवायची, भिंगाचं तोंड किती उघडायचं, हे तेव्हाचे युरोपातले कारागीर बरंचसं सवयीने आणि अंदाजाने ठरवत. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचं गणित मांडलं. छपाईच्या जगात मानाचं असलेलं लंडनचं 'पेनरोज' वार्षिक त्यांचे लेख छापू लागलं. कलकत्त्यात राहणारा, मुलांच्या पुस्तकातली चित्रं नीट यावीत म्हणून या वाटेला लागलेला माणूस युरोपातल्या ब्लॉकमेकरांना चार गोष्टी सांगत होता.

सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०६ साली भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले. त्याच सुमारास त्यांनी मित्रांचा आणि भावंडांचा 'नॉन्सेन्स क्लब' काढला, त्यासाठी नाटकुली लिहिली, हाताने लिहिलेलं मासिक चालवलं. विज्ञानाची पदवी आणि नॉन्सेन्स क्लब हे दोन्ही एकाच वेळी, एकाच डोक्यात चालू होतं. १९११ साली कलकत्ता विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंडला गेले. आधी लंडनमधल्या फोटो-एन्ग्रेव्हिंग आणि लिथोग्राफीच्या शाळेत, मग मँचेस्टरच्या तंत्रविद्यालयात शिकले. तिथून त्यांनीही हाफटोनवर शास्त्रीय लेख लिहिले. रवींद्रनाथ ठाकूर लंडनमध्ये असताना या तरुणाने इंग्रज श्रोत्यांपुढे त्यांच्या कवितेवर निबंध वाचला. तो 'क्वेस्ट' या नियतकालिकात छापूनही आला.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९१२ च्या सुरुवातीला आपले दादासाहेब फाळके सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले. फाळक्यांचा मूळ व्यवसायही छपाईचा आणि ब्लॉकचाच. एक मुंबईहून, एक कलकत्त्याहून, दोघेही चित्र कागदावर उतरवण्याच्या विद्येत मुरलेले, दोघेही त्या वर्षी त्याच शहरात. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत ३ मे १९१३ ला लागला, आणि त्याच वैशाखात उपेंद्रकिशोरांनी कलकत्त्यात 'संदेश'चा पहिला अंक काढला. भारतीय सिनेमाच्या इतिहासात पहिली तारीख ठळक अक्षरात असते. दुसरीला तेवढा मान का मिळू नये, हे मला कधी समजलेलं नाही.

मुलांचं मासिक ही कल्पना मराठीला नवी नव्हती. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ सालीच सुरू झाला होता. 'संदेश'चं वेगळेपण असं, की गडपार रस्त्यावरच्या शंभर क्रमांकाच्या घरात छापखानाही होता आणि राय कुटुंबही राहत होतं. लेखक, चित्रकार, ब्लॉक करणारा, मुद्रितं तपासणारा आणि संपादक एकाच छपराखाली, पुष्कळदा एकच माणूस. डिसेंबर १९१५ मध्ये उपेंद्रकिशोर वारले आणि अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारवर 'यू. राय अँड सन्स' हा छापखाना आणि 'संदेश' दोन्हींची जबाबदारी आली. पुढची आठ वर्षं त्यांनी दर महिन्याला अंक भरला. कविता, गोष्टी आणि कोडी तर होतीच. शिवाय गॅलिलिओ, पाश्चर, डार्विन, सॉक्रेटिस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची चरित्रं, पाणबुड्यांची माहिती, जमिनीखालच्या रेल्वेची माहिती. ही माहितीपर पानं आज कुणी फारशी वाचत नाही, पण सुकुमार यांचा वेडेपणा नीट समजायचा तर ती वाचावी लागतात. जगाचे नियम ज्याला मुलांना इतक्या सोप्या शब्दांत समजावता येतात, त्यालाच ते नियम नेमके कुठे वाकवले की गंमत होते हे कळतं.

'आबोल ताबोल' या नावाने त्यांच्या वेड्या कविता १९१५ पासून 'संदेश'मध्ये येऊ लागल्या. सुरुवातीच्याच एका कवितेत प्राण्यांची खिचडी आहे. बदक आणि साळिंदर जोडून एक प्राणी, बगळा आणि कासव जोडून दुसरा, हत्ती आणि देवमासा जोडून तिसरा. ही जोडाजोड वाटेल तशी केलेली नाही. बंगालीत ज्या दोन नावांमध्ये एक अक्षर सामाईक आहे, तिथेच सांधा बसवला आहे. चित्रांतही तीच शिस्त आहे. सुकुमार यांनी काढलेला प्रत्येक जोडप्राणी आपल्या पायांवर वजन घेऊन नीट उभा राहू शकेल असा आहे, पिसं कुठे संपतात आणि काटे कुठे सुरू होतात ते दिसतं. रेघ साधी, थोडी खरखरीत. जे अशक्य आहे ते त्यांनी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातल्या आकृतीच्या गांभीर्याने काढलं आहे.

मग माणसं येतात. एका कचेरीतला शांत स्वभावाचा हेडक्लार्क एके दुपारी खुर्चीत पेंगताना दचकून उठतो आणि आपली मिशी चोरीला गेली म्हणून हलकल्लोळ करतो. आरसा समोर धरला, त्यात मिशी दिसली, तरी ती आपली नाहीच असा त्याचा हट्ट. एका काकांनी यंत्र शोधलं आहे, ते खांद्याला बांधायचं, त्याच्या टोकाला तोंडापुढे खाऊ लटकतो, आणि तो खाण्याच्या ओढीने माणूस पाच तासांची वाट दीड तासात संपवतो. एक म्हातारा उकडलेलं लाकूड खातो आणि लाकडाला भोकं का पडतात यावर सिद्धांत मांडतो. हा म्हातारा कुणी मूर्ख नाही. त्याच्याकडे वही आहे, निरीक्षणं आहेत, पद्धत आहे. फक्त ती सगळी बिनकामाच्या गोष्टीवर लावलेली आहेत. प्रयोगशाळेत काही वर्षं काढलेल्या माणसाशिवाय हा म्हातारा कुणाला दिसला नसता.

एडवर्ड लिअर आणि लुइस कॅरल यांचं ऋण इथे उघड आहे आणि ते लपवायचं कारणही नाही. 'हयवरल'मधला रुमालाचा झालेला बोका आणि शेवटचा खटला वाचताना ॲलिस आठवतेच. पण कॅरलच्या दरबारात पत्त्यांचे राजा-राणी आहेत आणि इथलं कोर्ट हे कलकत्त्याचं कोर्ट आहे. डोळ्यांचा आजार आहे म्हणून डोळे मिटून बसलेलं घुबड न्यायाधीश आहे, मगर वकील आहे, बदनामीचा दावा आहे, चार आणे देऊन उभा केलेला साक्षीदार आहे. शिक्षा होते ती तीन महिने तुरुंग आणि सात दिवस फाशी. ज्याने तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात एक दिवस काढला आहे, त्याला या खटल्यात परकं काही वाटणार नाही.

अशा मजकुरामुळे अभ्यासकांची एक परंपरा या कवितांमध्ये फक्त ब्रिटिश राज्यावरचं व्यंग शोधते. एका कवितेत शिवाच्या मुलखातले कायदे आहेत. तिथे घसरून पडणाऱ्याला शिपाई धरून नेतो आणि एकवीस रुपये दंड होतो, शिंकायलाही तिकीट लागतं. रौलट कायद्याच्या दशकातली ही कविता, तिच्यात तो काळ असणारच. पण कवितेला एवढ्यावरच थांबवणं मला अन्यायाचं वाटतं. व्यंग हे कुणाला तरी उद्देशून असतं, तो कुणी गेला की व्यंगाचं काम संपतं. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली आणि ही कविता वाचून आजचं मूलही हसतं, कारण एक वेडा नियम मान्य केला की त्यापुढचे सगळे नियम त्याच्यातून किती शिस्तीत निघतात, हे तिच्यात दिसतं. मुलांना नियम फार लवकर कळतात. घरात, शाळेत, खेळात त्यांचं सगळं जगणं दुसऱ्याने केलेल्या नियमांवर चालतं. त्या अनुभवाला सुकुमार यांनी शब्द दिले. हेडक्लार्कच्या मिशीत तर राज्यकर्त्यांचा काही संबंधही नाही. तिथे माणूस स्वतःला कशावरून ओळखतो, हा एवढा मोठा प्रश्न आठ-दहा वर्षांच्या वाचकापुढे बिनधास्त ठेवला आहे.

१९२१ साली सुकुमार यांना काळा आजार झाला. त्याच वर्षी २ मे रोजी सत्यजित जन्मले होते. तापाने, वाढलेल्या प्लीहेने माणूस हळूहळू खंगत जातो असा हा रोग, बंगाल आणि आसामात त्याने गावंच्या गावं ओसाड केली होती. मन विषण्ण होतं ते पुढची गोष्ट वाचून. त्याच कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० साली यूरिया स्टिबामाइन हे त्यावरचं प्रभावी औषध तयार केलं होतं. १९२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले. सुकुमार यांच्या ते उपयोगी पडलं नाही. आजार कशाने होतो, कसा वाढतो, शेवट काय, हे विज्ञानाच्या या विद्यार्थ्याला ठाऊक होतं, आणि या सव्वादोन-अडीच वर्षांत त्यांनी केलेलं काम बघून थक्क व्हायला होतं. 'हयवरल' याच काळातलं. कॉनन डॉइलच्या 'लॉस्ट वर्ल्ड'ची थट्टा करणारी प्रोफेसर हुशियार यांची डायरीही याच काळातली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'आबोल ताबोल'च्या पुस्तकाची जुळवाजुळव केली, जुन्या कविता पुन्हा हाताळल्या, चित्रं काढली, मुखपृष्ठ केलं, पानांची रचना ठरवली. मृत्यूच्या काही दिवस आधी रवींद्रनाथ भेटायला आले आणि सुकुमार यांच्या इच्छेवरून त्यांनी गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ ला सुकुमार गेले. वयाची छत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुस्तक १९ सप्टेंबरला बाहेर आलं.

त्यानंतर काही वर्षांतच छापखाना बुडाला. गडपारचं घर सुटलं. सुकुमार यांच्या पत्नी सुप्रभा राय लहानग्या सत्यजितला घेऊन भावाकडे राहायला गेल्या आणि शिकवण्याची नोकरी करून त्यांनी मुलाला वाढवलं. 'संदेश' धाकट्या भावाने काही काळ चालवला, मग तोही बंद पडला. पण १९६१ साली, म्हणजे 'पथेर पांचाली'ने जगभर नाव झाल्यानंतर, सत्यजित यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने 'संदेश' पुन्हा सुरू केला. मासिकाला मजकूर हवा म्हणून ते स्वतः लिहू लागले. त्यांच्या गोष्टींतला प्रोफेसर शोंकू त्याच वर्षी जन्मला, फेलूदा १९६५ साली. शोंकूच्या डायरीत हुशियार यांच्या डायरीचे ठसे स्पष्ट आहेत. 'गुपी गाइन बाघा बाइन' हा चित्रपट आजोबांनी १९१५ साली 'संदेश'मध्ये लिहिलेल्या गोष्टीवरून निघाला. तीन पिढ्यांनी एका मुलांच्या मासिकासाठी आपलं उत्तमातलं उत्तम दिलं.

हे सगळं मराठीत लिहिताना विंदा करंदीकर सतत डोळ्यांपुढे येतात. त्यांचं 'राणीची बाग' हे बालकवितांचं पुस्तकही १९६१ चंच. 'धृपद' लिहिणारा, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणारा हा कवी पुढची तीसेक वर्षं मुलांसाठी कविता लिहीत राहिला. विंदांवरच्या समीक्षेत मात्र बालकविता बहुधा शेवटच्या परिच्छेदात येतात, घरातल्या लाडक्या धाकट्यासारख्या. बंगाली समीक्षेत सुकुमार राय यांच्यावरची पुस्तकं मुख्य दालनात असतात. दोन समाजांतला हा फरक प्रतिभेचा नाही. मुलांसाठी लिहिलेल्या ओळीला मोठ्यांच्या ओळीइतकीच मेहनत, इतकाच कागद, इतकीच चिकित्सा द्यायची की नाही, याचा तो फरक आहे. आपल्याकडे बालसाहित्य हा नव्या लेखकाने हात बसवण्याचा प्रांत मानला जातो, आणि चित्रकाराचं नाव पुष्कळदा बारीक टायपात आतल्या पानावर असतं. गडपारच्या घरात शिकलेली विद्या याच्या बरोबर उलट होती. जी चूक मोठ्यांच्या पुस्तकात खपेल ती मुलांच्या पुस्तकात खपणार नाही, अशा हिशोबाने तिथे काम चाले.

सुकुमार यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क १९७३ अखेर संपला, त्यामुळे ते मराठीत आणायला कायद्याची काही आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर कामाच्या अवघडपणाची आहे. हे काम गद्य अर्थ सांगून भागणारं नाही, त्याला वृत्त-यमकावर विंदांसारखी हुकमत असलेला कवी लागेल आणि बंगाली मुळातून वाचणारा जाणकार त्याच्या शेजारी बसावा लागेल. चित्रं नव्याने काढून घेण्याच्या मोहात मात्र प्रकाशकाने पडू नये. सुकुमार यांचीच चित्रं, त्यांनी योजलेल्या जागी, स्वच्छ छापून घ्यावीत, कारण अर्धी कविता त्या चित्रात आहे. हेडक्लार्कच्या कवितेत मिशी चोरीला गेलेली नाही, हे मुलाला चित्रातूनच दिसतं.